बकरमची पट्टी

आमच्या ह्यांना गल्लीत टकटकराव म्हणतात. पाठीमागे म्हणतात, पण तोंडावर म्हटलं तरी ह्यांना वाईट वाटायचं नाही, कारण त्या वेळी हे कशावर तरी टकटक करत असणार. दिसलं लाकूड की वाजव. दवाखान्यात गेलो तर डॉक्टर ह्यांची छाती ठोकून बघतात आणि हे डॉक्टरांचं टेबल. एकदा ओळखीतल्या एका घरी भेटायला गेलो होतो. घरातलं माणूस गेलेलं, सगळे माना खाली घालून बसलेले, आणि ह्यांनी बसल्या बसल्या खुर्चीचा हात वाजवला. मी डोळे वटारले. रस्त्याला लागल्यावर मला म्हणतात, "त्यांना विचारायला हवं होतं गं, ती खुर्ची देतील का."

अशा माणसाबरोबर मी बत्तीस वर्षं काढली. मला बक्षीस नको, पण कोणीतरी नोंद घ्यावी.

हे गिटारी बनवतात. हाताने, एकट्याने, मागच्या खोलीत आणि तिच्यापुढच्या अंगणात. पुढची खोली माझी. मी शिवणकाम करते. मधे एक दार आहे, त्याला कडी आहे, पण ती बत्तीस वर्षांत कोणी लावलेली नाही. माझ्याकडचे दोरे त्यांच्या सरसात सापडतात आणि त्यांचा भुसा माझ्या ब्लाउजपिसांवर.

गिटारीला कुठलं लाकूड लागतं हे म्हणे ठरलेलं आहे. वरच्या फळीला अमुक, पाठीला तमुक, आणि सगळं परदेशातून येतं. ह्यांना ते मान्य नाही. "ऋषीचं कूळ आणि लाकडाचं मूळ विचारू नये," असं हे स्वतःच्या पदरचं म्हणतात. "त्याला बोलता येतं का, एवढंच विचारावं." म्हणून ह्यांच्या गिटारीची पाठ शाळेच्या मोडक्या बाकाची असते. बाकावर कोणी कर्कटकाने नाव कोरलं असेल तर तेही तसंच राहतं. मान एखाद्या वल्ह्याची. बोटं फिरतात ती पट्टी कपडे बडवायच्या धोपाटण्याची. तारा जिच्यावर टेकतात ती घोडी एका म्हाताऱ्या सुताराच्या झिजलेल्या रंध्याची. ह्यांचा सिद्धांत असा, की ज्या लाकडाने जन्मभर मार खाल्ला तेच पुढे गोड बोलतं. माणसांच्या बाबतीत मला तरी असा अनुभव नाही. पण मी वाद घालत नाही. आमच्या घरात दोन चांगल्या खुर्च्या होत्या. आता एक आहे आणि एक वाजते.

ह्यांच्याकडे एका गिऱ्हाइकाने हौसेने आणून दिलेल्या खऱ्या परदेशी लाकडाच्या चार फळ्याही आहेत. गिटारीसाठीच कापलेल्या, कागदात गुंडाळलेल्या. त्या माळ्यावर आहेत. "शहाण्यासुरत्या लाकडाची गिटार कोणीही करेल," म्हणून ह्यांनी त्यांना हात लावला नाही. उंटावरचे शहाणे मी पुष्कळ पाहिले, पण माळ्यावर शहाणपण टाकून देणारे हे एकच.

आता माझ्या टेबलाबद्दल सांगायला हवं, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

ते टेबल माझ्या आईचं. कापड बेतायचं, लांबरुंद, मधोमध बिजागरीने जोडलेल्या दोन फळ्यांचं. ते कसलं लाकूड आहे हे आजवर कोणालाही सांगता आलेलं नाही. एक सुतार म्हणाला देवदार, दुसरा म्हणाला छे, तिसऱ्याने वास घेतला आणि काही न बोलता निघून गेला. हे पहिल्यांदा आमच्या दुकानात आले ते पँट शिवायला. आईने माप घ्यायला टेप काढली, तर हे टेबल वाजवत उभे. "हे कसलं लाकूड?" ह्यांनी विचारलं. आई म्हणाली, "टेबलाचं. हात वर करा." त्यांनी माझ्याकडे पाहिलं ते त्यानंतर. आमचं लग्न माझ्यासाठी झालं की टेबलासाठी, हा प्रश्न मी पहिली दहा वर्षं थट्टेने विचारायची. पुढे थट्टेने विचारायचं सोडलं.

सहा वर्षांपूर्वी त्या टेबलाची बिजागरी तुटली आणि एक फळी खाली आली. दुरुस्त करतो म्हणून हे ती मागे घेऊन गेले. चार दिवसांनी मी चौकशी केली, तर फळी मधून चिरलेली, रंधलेली, पापडासारखी पातळ होऊन गिटारीच्या आकारात पडलेली. मी तीन दिवस बोलले नाही. चौथ्या दिवशी बोलले, आणि मग ह्यांना वाटलं असेल, ते तीन दिवसच बरे होते. ती गिटार म्हणजे एक्केचाळीस नंबर. हे प्रत्येक गिटारीच्या आत पेन्सिलने नंबर घालतात.

माझ्याकडे अर्धं टेबल राहिलं. मी त्यावरच काम रेटत होते. एका सकाळी हे एक्केचाळीस नंबर माझ्या अर्ध्या टेबलावर आणून ठेवून गेले. पेटी, म्हणजे गिटारीचं पोट, बंद झाली होती, पॉलिश आणि तारा बाकी होत्या. माझ्या खिडकीत ऊन चांगलं येतं म्हणून इथे. विचारण्याची पद्धत नाहीच. मी रागारागाने कापड वर ओढलं, आणि कापडावरची कात्री, माझी मोठी, लोखंडी, आईच्या वेळची, घसरली आणि टोकाकडून त्या पेटीवर पडली.

ठण्‌ आवाज झाला. मला तो अजून ऐकू येतो.

"काय पडलं?" अंगणातून हे ओरडले.

"काही नाही!" मी ओरडले.

वरच्या फळीला, गोल भोकाच्या खाली, वीतभर लांब भेग गेली होती. केसाएवढी बारीक, पण भेग ती भेग. दीड महिना हा माणूस त्या पातळ फळीवर फुंकर मारल्यासारखा हात फिरवत होता. राग कुठल्या कुठे पळाला. एवढंच कळत होतं, की हे आत यायच्या आधी काहीतरी करायला हवं.

मी शिंपीण आहे. फाटलं की आतून पट्टी लावायची, हे मला कोणी शिकवावं लागत नाही. त्यांच्या सरसाचं भांडं गरमच होतं. मी भेगेत सरस मुरवला, वरून ओल्या फडक्याने पुसून काढला. मग बकरमची तीन बोटं रुंद पट्टी कापली. बकरम म्हणजे कॉलर ताठ राहावी म्हणून आत घालतात ते जाड, कडक कापड. पट्टीला सरस लावला, गोल भोकातून हात आत घातला आणि अंदाजाने भेगेच्या खालून ती चिकटवली. आता दाबून धरायचं. दुसरा हात वरून, एक हात आतून. भांड्यात डोकं अडकलेल्या मांजरीसारखी मी पाऊण तास त्या पेटीत हात घालून बसले होते. एरवी हे दर दहा मिनिटांनी आत येतात. पाणी दे, चहा कर, माझी पेन्सिल बघितलीस का, ती कानावरच असते. त्या दिवशी नशिबाने हे एकदाही फिरकले नाहीत.

संध्याकाळी ह्यांनी पेटी नेली. दुसऱ्या दिवशी मी दारात उभी राहून, देवाचं नाव घेत, बघत होते. ह्यांनी पेटी कानाशी धरली. बोटाने वाजवली. परत वाजवली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "अगं, बोलतंय हे."

पॉलिश झालं, भेग मिटली, तारा चढल्या. आणि खोटं कशाला सांगू, मला गाण्यातलं ढिम्म कळत नाही, पण एक्केचाळीस नंबर वाजली तेव्हा मी हातातली शिवण खाली ठेवली. एका वादक बाईंनी ती घेतली. त्यांनी ती चारचौघांत वाजवली आणि ह्यांचं नाव झालं. लोक विचारत यायचे, की आवाजाचं रहस्य काय. हे सांगायचे, "लाकूड. पन्नास वर्षं कात्रीचे घाव खाल्लेलं टेबल आहे ते." मी पाठ करून मशीन चालवत असायचे. कात्रीचे घाव म्हटलं की माझी सुई तुटायची.

खाई त्याला खवखवे म्हणतात, तसं माझं झालं होतं. सांगावं तर ह्यांचा सिद्धांत बुडणार. त्यांना वाटणार, आवाज लाकडाचा नाहीच, बकरमचा. न सांगावं तर ज्या गोष्टीचं कौतुक होतंय तिच्यात माझं चोरकाम आहे. आणि खरं काय ते तर मलाही ठाऊक नव्हतं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला, असंही असेल. पट्टी नसती तर ती याहून गोड वाजली असती, असंही असेल. मी स्वतःशी ठरवलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि पाच वर्षं मूठ झाकून बसले.

गेल्या वर्षी त्या वादक बाई दारात आल्या. डोळे सुजलेले. एक्केचाळीस नंबर प्रवासात बसमधून चोरीला गेली होती. पोलीस झाले, दुकानं झाली, कुठेच पत्ता नाही. बाई म्हणाल्या, "दुसऱ्या कशावर माझा हातच चालत नाही. तुम्हीच केली होती ना? मग तशीच परत करा."

साधी गोष्ट होती. मी टोपी शिवली आणि कोणी तशीच मागितली, तर मी तशीच देते. हे हो म्हणाले. आणि तिथून आमच्या घराची झोप उडाली.

अठ्ठावन्न नंबर जुन्या कपाटाच्या दाराची केली. वाजवली आणि भिंतीला टेकवून ठेवली. एकोणसाठ केली एका पडक्या दुकानाच्या फळीची. तीही भिंतीला. साठ केली ती कशाची हे मला अजून कळलेलं नाही, पण शेजारच्या कोंबड्यांच्या खुराड्याला त्या आठवड्यात झाकण नव्हतं. वाईट नव्हत्या हो. दुसरं कोणी असतं तर नाचलं असतं. पण हे प्रत्येकीला कानाशी धरायचे, वाजवायचे, आणि चेहरा असा व्हायचा की ओळखीच्या माणसाला हाक मारली आणि वळला तो भलताच.

टकटक बंद झाली. हे आधी माझ्या लक्षातच आलं नाही. घड्याळ बंद पडलं की जसं उशिरा कळतं. जेवायला बसले तर हात मांडीवर. मी मुद्दाम पोळपाट त्यांच्यासमोर ठेवला. ह्यांनी तो उचलून बाजूला केला.

एका दुपारी अंगणात बसून हे म्हणाले, "मला काही येत नाही गं."

"काहीतरीच."

"नाही, ऐक. एकदा झालं ते माझ्या हातून झालं असतं तर परत झालं असतं. झालं नाही. म्हणजे तो तुक्का होता. तीस वर्षं मी लोकांना लाकूड बोलतं, लाकूड बोलतं सांगत फिरलो. काय बोलतं? मलाच कळत नाही. ही आणखी एक करून बघतो. नाही जमली तर सोडून देतो. तुझा भाऊ बोलावतोच आहे."

माझा भाऊ कपाटं बनवतो. भुसा दाबून केलेल्या तक्त्यांवर सनमायका चिकटवून. धंदा बरा आहे, भाऊही बरा आहे. पण ह्यांनी एकदा त्याच्या कारखान्यात तो तक्ता वाजवून पाहिला होता आणि घरी येईपर्यंत बोटाला फुंकर मारत होते. हा माणूस तिथे जाऊन सनमायका चिकटवणार, हे माझ्या डोळ्यांसमोर येईना. आणि ज्या तुक्क्यापायी जाणार, तो तर माझा होता. माझ्या कात्रीचा, माझ्या सरसाचा, माझ्या तीन बोटं बकरमचा. मला रडू आलं, पण मी कांदा चिरायला घेतला.

त्याच आठवड्यात माझं बकरमचं भेंडोळं संपलं. नवंच होतं. एवढ्या कॉलरी मी शिवल्या कधी, हेही मला आठवेना. डोकं ठिकाणावर नाही म्हटलं, आणि दुसरं आणलं.

मग ते झालं ज्याची मला धास्ती होती. हे पुढच्या खोलीत आले आणि माझ्या अर्ध्या टेबलाजवळ उभे राहिले. मी कापड बेतत होते. किती दिवसांनी ह्यांनी बोट वाकवलं आणि टेबल वाजवलं. एकदाच.

"अगं," हे म्हणाले.

"ही फळी हवी आहे ना?"

"तेच लाकूड आहे. दुसरं कुठे मिळणार? मागायला नको होतं मी. तुझ्या आईचं..."

मी कात्री खाली ठेवली. जपून, दोन हातांनी. टेबलाचं मला काही नव्हतं असं नाही. त्या फळीवर आईच्या खडूच्या रेघा मी पुसून पुसून मोठी झाले. पण फळी दिली आणि ती गिटारही तशी वाजली नाही, तर टेबलही गेलं आणि माणूसही गेला. आणि हे सगळं मला ठाऊक असताना. छे. बस झालं.

"अहो, बसा," मी म्हटलं. "आवाज लाकडाचा नव्हता. म्हणजे नसेल. मला माहीत नाही. पण एक्केचाळीस नंबरवर माझी कात्री पडली होती. भेग गेली होती. मी आतून बकरम चिकटवलं आणि तुम्हाला सांगितलं नाही. सहा वर्षं झाली. आता काय बोलायचं ते बोला."

एका दमात बोलले. मशीनकडे बघत बोलले. मग वळले.

"माहीत आहे," हे म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"कात्री पडली ते. मी अंगणात होतो. लाकडावर कात्री पडल्याचा आवाज मला कळणार नाही? आणि फळी तडकल्याचा? तू कमाल करतेस."

"मग तुम्ही आत का नाही आलात?"

"तू काही नाही म्हणालीस ना." हे टेबलाच्या कडेवर बोट फिरवत होते. "मला वाटलं, काहीतरी करत असशील. होऊ दे म्हटलं. अर्धा-पाऊण तास उभा राहिलो. चहाची वेळ झाली होती, पण म्हटलं, तू दचकलीस तर हातातलं बिघडायचं. पट्टी काय ती संध्याकाळी आत बोट घातलं तेव्हा कळली."

ज्या पाऊण तासाला मी सहा वर्षं नशीब म्हणत होते, तेवढा वेळ हा माणूस अंगणात उन्हात उभा होता.

"आणि मला बोलला नाहीत! इतकी वर्षं! लोकांना लाकूड लाकूड सांगत होता!"

"तू लपवलंस म्हणजे तुला वाईट वाटलं असणार. मी कशाला उकरून काढू? आणि लाकूड नसेलच असंही नाही ना. मला तरी कुठे ठाऊक आहे?"

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. उशिरा पडतो, पण पडतो.

"माझं बकरम कोण नेत होतं?"

हे दाराकडे बघायला लागले. मी मागे जाऊन भिंतीच्या तिन्ही गिटारींत हात घातला. अठ्ठावन्नला आतून पट्टी होती. एकोणसाठला दोन होत्या. साठला तर कॉलरच लावल्यासारखी सगळीकडे होती. ह्यांनी तिन्हीत माझ्यासारखीच पट्टी लावून पाहिली होती, आणि तरी काही झालं नव्हतं. म्हणूनच उरलं होतं ते टेबल. म्हणजे मी ज्या गुपिताने ह्यांचा सिद्धांत बुडेल म्हणून सहा वर्षं सुया तोडत होते, ते गुपित ह्यांनी केव्हाच तपासून, वापरून, निकालात काढलं होतं. आम्ही एकाच छपराखाली, उघड्या दाराच्या दोन बाजूंना बसून, एकच गोष्ट एकमेकांपासून लपवत होतो. मला हसावं की त्यांच्या डोक्यात टेप मारावी कळेना. मी दोन्ही केलं.

फळी मी स्वतः उचलून मागे नेऊन ठेवली. "घ्या," म्हटलं. "पण तुक्का म्हणायचं नाही. जे काय होईल ते दोघांचं."

एकसष्ट नंबर झाली. आणि पॉलिशच्या आधी, तशाच एका सकाळी, ह्यांनी पेटी आणून माझ्या खोलीत एका स्टुलावर ठेवली. माझ्या हातात कात्री दिली.

"लाकूड झालं, बकरम झालं," हे म्हणाले. "आता एवढंच राहिलंय. टाक."

"वेड लागलंय का?"

"त्या दिवशी किती उंचावरून पडली होती?"

"मी काय टेप लावून बसले होते?"

"साधारण. टेबलाच्या वर वीतभर? की दोन?"

आम्ही दोघं बराच वेळ त्या पेटीसमोर उभे होतो. एकदा मी डोळे मिटून हात पुढे केलासुद्धा. पण त्या फळीवर आईच्या खडूच्या रेघा नव्हत्या तरी मला त्या दिसत होत्या, आणि हा माणूस श्वास धरून उभा होता. हात खाली आणला.

"नाही टाकणार," मी म्हटलं. "चुकून झालं ते झालं. मुद्दाम केलं तर ते तेच कसं होईल?"

ह्यांनी मान हलवली. मला वाटतं, सुटल्यासारखं त्यांनाही झालं. "मग पट्टी तरी तू लाव," म्हणाले. "माझी बोटं जाड आहेत, वाकडी बसते." मी बकरम कापलं आणि हात आत घातला. ह्या वेळी हे समोर बसून होते. मधे चहा करून आणला आणि माझा एक हात पेटीत अडकलेला, म्हणून कपही त्यांनीच धरला.

वादक बाई आल्या. गिटार मांडीवर घेतली, तारा लावल्या, वाजवायला लागल्या. मी दारात, हे भिंतीशी. थोडं वाजवून बाई थांबल्या आणि म्हणाल्या, "ही ती नाही."

मी ह्यांच्याकडे बघेना.

बाईंनी मात्र गिटार खाली ठेवली नाही. परत वाजवायला लागल्या. मी चहा ठेवला, तो निवला, त्यावर साय आली. त्यांचा हात चालत होता. हात चालत नाही म्हणून ज्या रडत आल्या होत्या, त्या बाई घरी जायचं विसरल्या होत्या. शेवटी त्यांनी तोंड वर केलं. "ती परत मिळाली तरी ही मी देणार नाही," म्हणाल्या. "काय आहे हिच्यात?"

हा प्रश्न तीस वर्षं लोक विचारत आले आणि तीस वर्षं ह्यांनी उत्तर दिलं. मी वाट बघत होते, आता घाव, आता मार खाल्लेलं लाकूड.

"खरं सांगू? मला माहीत नाही," हे म्हणाले. आणि हसले. तीस वर्षांचं ओझं कोणीतरी हातातून घेतल्यासारखं हसले.

आठवड्याने माझ्या भावाचा फोन आला. "मेव्हणे, कधीपासून येताय मग?" हे खिडकीच्या चौकटीवर टकटक करत बोलत होते. "येतो की," म्हणाले. "हा आवाज कशाने येतो तेवढं कळू दे. कळलं की लगेच येतो."

अजून कळलेलं नाही. बासष्ट नंबर सुरू आहे, एका जिन्याच्या पायरीची. आतल्या पट्टीसाठी मला आता हाक मारून बोलावतात. मी एकदा विचारलं, त्या पट्टीने काही होत नाही हे तीनदा बघून झालं, मग अजून कशाला? हे पेटीवरून हात फिरवत म्हणाले, "होत नाही हे खरं. पण तुझी पट्टी आत नसली की मला पुढचं पॉलिश करवत नाही."

आणि माझं टेबल? त्याला ह्यांनी नवी फळी केली. माळ्यावरच्या त्या चार परदेशी फळ्या काढल्या, जोडल्या, आणि माझ्यासाठी बसवल्या. जगातलं सगळ्यात शहाणं गिटारीचं लाकूड आता माझ्या कापडाखाली आहे. ते घुमतं. कात्री नुसती ठेवली तरी घुमतं, टाचणी सांडली तरी अंगणापर्यंत ऐकू जातं.

"काय पडलं?" हे मागून ओरडतात.

"काही नाही!" मी ओरडते.

आणि लगेच पावलं वाजतात. हे आत येऊन बघून जातात.